गुणपत्रिकेच्या पलीकडे

उन्हाळ्यात बारावीचा निकाल लागला की पांढुर्णा आणि सौंसर येथील मराठी घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, 'सर, आता पुढे काय?' आणि त्याचे उत्तरही पिढ्यान्‌पिढ्या एकच चालत आले आहे, 'नागपूर.' ते स्वाभाविकही आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर ही आपलीच राजधानी होती. रेषा बदलली, तरी वाट बदलली नाही. फरक पडला तो एवढाच, की तेथील व्यावसायिक महाविद्यालयांच्या दारात अधिवासाचा दाखला पुढे आला, आणि घरी मराठी बोलणारे आपले मूल परप्रांतीय ठरले.

गेल्या वर्षी मात्र आमच्या शाळेतील एक विद्यार्थिनी निराळाच प्रश्न घेऊन आली. एका खाजगी विद्यापीठाचा प्रवेश-अर्ज तिने भरला होता, आणि त्यात शिक्षकांनी लिहावयाचा एक कागद होता. विद्यार्थी कसा विचार करतो, अडचणीत कसा वागतो, हे उदाहरणासह सांगा, असे त्यात विचारले होते. मी लेखणी उचलली. 'हुशार, आज्ञाधारक, नियमित' असे तीन शब्द लिहिले आणि थांबलो. तीन वर्षे ती माझ्या समोर बसली होती. तिचे गुण मला तोंडपाठ होते. ती मात्र मला ठाऊक नव्हती.

आपल्या परिचयाची प्रवेशपद्धती सरळ असते. गुणांची यादी लागते, वरून खाली जागा भरत जातात आणि जागा संपल्या की दार बंद होते. सागरच्या डॉ. हरीसिंह गौर विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांनी २०२२ पासून सामायिक प्रवेशपरीक्षा स्वीकारली, तरी तत्त्व तेच राहिले. सोनीपतचे अशोका, पुण्याचे फ्लेम किंवा २०२३ पासून भोपाळमध्येही शिक्षणकेंद्र सुरू केलेले अझीम प्रेमजी, ही विद्यापीठे परीक्षेबरोबर मुलाखतही घेतात. काही ठिकाणी निबंधही लिहावा लागतो.

ही कल्पना अमेरिकेतील लिबरल आर्ट्स कॉलेजांकडून आपल्याकडे आली. तेथील मोठी खाजगी विद्यापीठे आणि ही लहान महाविद्यालये यांत भेद आहे. विद्यापीठात संशोधन, पदव्युत्तर शाखा आणि हजारो विद्यार्थी. कित्येकदा अर्ज करतानाच अभियांत्रिकीसारखी शाखा निवडावी लागते. ॲम्हर्स्टसारख्या महाविद्यालयात सारे मिळून सुमारे १९०० विद्यार्थी. तेथे प्रवेश एखाद्या विषयाला नव्हे, महाविद्यालयाला मिळतो. मुख्य विषय मागाहून ठरतो. निबंध आणि शिक्षकांची पत्रे दोन्हीकडे वाचतात. पण जेथे वर्गच लहान, तेथे हा मुलगा चर्चेत काय भर घालील, हा प्रश्न अधिक जवळचा होतो. परदेशी विद्यार्थ्याच्या घरची सांपत्तिक स्थिती न पाहता प्रवेश ठरविणाऱ्या तेथील मोजक्या संस्थांत ॲम्हर्स्ट मोडते. बहुतेक ठिकाणी मात्र साहाय्य मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याची वाट अधिक अरुंद होते.

मराठी माणसाला हे सर्वस्वी नवे नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयास अर्जाचे पत्र लिहिले. आपण सर्व अटी कदाचित पूर्ण करू शकणार नाही, हे त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केले, आणि हे शिक्षण आपल्याला कोणासाठी हवे आहे, तेही सांगितले. त्यांना प्रवेश मिळाला, आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

आमच्या विद्यार्थिनीने प्रथम लिहून आणलेला निबंध गाइडातला होता. दोष तिचा नव्हे. निबंध फळ्यावर लिहून देणारे आम्हीच. मी तो बाजूला ठेवला आणि घरच्या संत्र्याच्या बगीच्याविषयी विचारले. ती बोलू लागली. डिंक्याने झाडे गेली तेव्हा वडील खचले होते; आंबिया बहारासाठी पाणी कधी तोडायचे, ताण किती दिवस द्यायचा, याची दोन वर्षांची नोंद तिनेच एका जुन्या वहीत ठेवली होती. शास्त्र शिकविणाऱ्या आमच्यापैकी एकालाही हे माहीत नव्हते! मी म्हणालो, 'बाई, हेच लिही.' मराठीत सुचलेले, हिंदीत शिकलेल्या मुलीने, इंग्रजीत लिहिले. माझे पत्रही त्या वहीविषयीच होते.

तिला मुलाखतीचे बोलावणे आले. निवड मात्र झाली नाही. इंग्रजीत बोलताना आपण अडखळलो, असे तिने सांगितले. आज ती नागपुरात विज्ञान शिकते आहे. या पद्धतीचे गुण गाताना तिचा अन्यायही विसरू नये. गुणांची यादी कठोर असते, पण ती भिंतीवर लागते आणि कोणालाही वाचता येते. मुलाखतीत शहरी सफाई पुष्कळदा बुद्धी म्हणून खपून जाते.

तरीही त्या कोऱ्या कागदाने मला जे दाखविले, ते मी विसरू शकत नाही. आता मी एक वही ठेवली आहे. प्रत्येक मुलाच्या नावापुढे, त्याने कोणता प्रश्न विचारला, घरी कोणते काम अंगावर घेतले, हे लिहितो. पालकांनीही मुलांना आपल्या बोलीत आपला अनुभव लिहू द्यावा. भाषांतर नंतर होईल. दार कोणतेही उघडो, आपल्या मुलाविषयी कोणी विचारले तर तीन शब्दांवर थांबण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.