मागणे हे शास्त्र होऊ शकते का?

दानावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. मागण्यावर मात्र कोणी बोलत नाही. महर्षी कर्वे गावोगाव वर्गणी मागत फिरले, पैसा फंडासाठी लोकांनी एकेक पैसा दिला, हे आपल्याला ठाऊक असतं. पण मागणं हा विद्यापीठात अभ्यासायचा विषय आहे, असं आपल्याला वाटत नाही.

अमेरिकेत तो झाला. हेन्री रोसो हे स्वतः निधी गोळा करणारे गृहस्थ. त्यांनी १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोत निधिसंकलनाची शाळा काढली. पुढे ती इंडियाना विद्यापीठात गेली. तिथे १९८७ साली परोपकाराच्या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं आणि त्यातूनच स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली.

आता, यातून हाती काय लागलं? एक उदाहरण देतो. शाळेला सरकारी अनुदान मिळालं की खाजगी देणग्या घटतात. का? अर्थशास्त्रज्ञ म्हणत, देणारा विचार करतो, सरकार देतंय, मग मी कशाला देऊ? जेम्स अँड्रिओनी आणि अबिगेल पेन यांनी २०११ साली अनेक संस्थांचे आकडे तपासून दाखवलं, की ही घट मुख्यतः संस्थाच मागायचं कमी करतात म्हणून होते. म्हणजे देणाऱ्याचं मन आटलेलं नसतं, मागणाऱ्याची पावलं थांबलेली असतात.

पण इथेच तत्त्वज्ञानाचा प्रश्न उभा राहतो. माणूस कशाने देतो हे कळलं, की त्याला द्यायला लावणंही जमतं. कांट सांगतो, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. मग विनंती कुठे संपते आणि फसवणूक कुठे सुरू होते? माझी कसोटी साधी आहे. आपण कोणती युक्ती वापरतो आहोत, हे देणाऱ्याला उघड सांगता येईल का? आणि तो 'नाही' म्हणाला, तर त्याचा मान तेवढाच राहील का?

ही कसोटी अभ्यासकालाही लागू आहे. इंडियानाचं केंद्र लिली एन्डाउमेंटच्या पैशावर उभं राहिलं. ज्याच्या देणगीतून आपला पगार होतो, त्या देणगीची चिकित्सा करणं सोपं नसतं. पण ती करता आली नाही, तर त्याला शास्त्र म्हणता येणार नाही. ते नुसतं आभारप्रदर्शन होईल.