पहिल्यांदा स्पामध्ये येणाऱ्या ग्राहकाला नियम कधी सांगायचे? आधी!



"सर, पहूरसारख्या गावात डे स्पा चालेल का?" डे स्पा म्हणजे मुक्काम नाही, तासा-दोन तासांत मसाज, फेशियल, पेडिक्युअर करून घरी जायचं. जागेचं म्हणाल तर पहूर चांगलंच आहे. जळगाव–छत्रपती संभाजीनगर रस्ता आणि पाचोरा–जामनेर रस्ता इथेच भेटतो, चारही बाजूंनी माणूस येतो. कोर्स करता येतो, बेड-खुर्च्या विकत आणता येतात. पण ग्राहक पहिल्यांदा दारात उभा राहील तेव्हा काय होईल, याचा विचार फार कमी जण करतात.

समजा, शेंदुर्णीच्या एक ताई मुलीच्या लग्नाआधी तुमच्याकडे आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. कपडे किती काढायचे? मंगळसूत्र काढावं लागेल का? मसाज करणारी बाई आहे ना? हे सगळे प्रश्न डोक्यात आहेत, पण विचारायची लाज वाटते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि तुमच्या हाताखालची मुलगी चार जणींसमोर बोलली, "अहो मावशी, इथे फोन चालत नाही." झालं! ताई पैसे देऊन जातील, पण परत येणार नाहीत. आणि लग्नघरातल्या बाकीच्या बायकाही येणार नाहीत.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नियम आधी सांगितला तर ती सेवा होते. चूक झाल्यावर सांगितला तर तो अपमान होतो.

तेल-मालिश आपल्याकडे नवीन नाही. बाळंतिणीला तेल लावायला मावशी घरी येते, दिवाळीत अभ्यंग होतं. नवीन आहे ती बंद खोली आणि अनोळखी हात. म्हणून पुढच्या गोष्टी फोनवर अपॉइंटमेंट देतानाच सांगा.

1. वेळ
"पंधरा मिनिटं आधी या" असं सांगा आणि कारणही सांगा: माहिती भरायला, पाय धुवायला, जरा शांत बसायला वेळ लागतो. भरपेट जेवून लगेच मसाजला येऊ नका, एक-दोन तास जाऊ द्या, हेही सांगा. उशीर झाला तर वेळ कमी होईल, हे आधीच स्पष्ट करा. पण आपला ग्राहक एसटीने येतो हे विसरू नका. दोन अपॉइंटमेंटमध्ये वीस मिनिटं मोकळी ठेवा, म्हणजे बस उशिरा आली तरी कोणावर चिडायची वेळ येणार नाही.

2. तब्येतीची माहिती
हा शिष्टाचार कमी आणि सुरक्षितता जास्त. गरोदरपण, बीपी, शुगर, हृदयविकार, नुकतंच झालेलं ऑपरेशन, पायात रक्ताची गाठ, त्वचेची अ‍ॅलर्जी हे सगळं विचारा. चार लोकांत मोठ्याने विचारू नका, छापील मराठी फॉर्म द्या. वाचता येत नसेल तर बाजूला बसवून हळू विचारा. ताप किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर त्या दिवशी मसाज नाही. शंका असेल तर आधी डॉक्टरांना विचारून यायला सांगा. हेअर कलर करायचा असेल तर 48 तास आधी पॅच टेस्ट करा. लग्नाच्या आदल्या दिवशी चेहरा सुजला तर तुमचं नाव तालुकाभर होईल, पण नको त्या कारणाने!

3. कपडे आणि दागिने
"जेवढं तुम्हाला सोयीचं वाटेल तेवढंच काढा, बाकी अंग चादरीने झाकलेलं राहील," हे वाक्य तुमच्या प्रत्येक मुलीला पाठ हवं. कपडे बदलताना तिने खोलीबाहेर थांबायचं आणि दार वाजवूनच आत यायचं. सोनं घरी ठेवून या, असं फोनवरच सांगा. मंगळसूत्र काढायचा आग्रह धरू नका, ते बाजूला सरकवून काम होतं. जे काढतील ते त्यांच्याच पर्समध्ये, त्यांच्याच नजरेसमोर राहू द्या.

4. खोलीत
फोन सायलेंट ठेवायची विनंती दारावर लिहा. तुमच्या स्टाफचाही फोन बाहेरच. दुखलं, दाब जास्त झाला, थंडी वाजली तर लगेच बोला, असं ग्राहकाला सांगा. आपल्या बायका दुखलं तरी गप्प राहतात, म्हणून पाच मिनिटांनी स्वतःच विचारा, "दाब बरोबर आहे ना ताई?" कपडे बदलायच्या आणि मसाजच्या खोलीत कॅमेरा अजिबात नको. बाईचे खासगी क्षण चोरून पाहणं किंवा चित्रित करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. मर्यादा ग्राहकालाही लागू आहे. कोणी गैर बोललं किंवा वागलं तर काम तिथेच थांबवायचं. स्टाफला हा अधिकार आधीच द्या.

5. पैसे
दरपत्रक भिंतीवर लावा. टिप ऐच्छिक आहे, तिथे घुटमळत उभं राहू नका. क्रीम विकायचीच असेल तर मसाज चालू असताना नाही, बिलाच्या वेळी एकदाच विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून सलून-स्पा सेवांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला आहे, मात्र त्यावर इनपुट क्रेडिट मिळत नाही. तुमची सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल आणि नोंदणी केलेली नसेल, तर ग्राहकाकडून जीएसटी घ्यायचाच नाही. फोनवर सांगितलेला आकडा आणि बिलावरचा आकडा एकच हवा.

आजचं काम
स्पा सुरू व्हायला अजून सहा महिने असतील, तरी आज एक कागद घ्या. ग्राहकाला पाठवायचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज लिहा, फक्त दहा ओळींचा, साध्या मराठीत. मग तो तुमच्या आईला किंवा शेजारच्या काकूंना वाचून दाखवा. त्या कधीच स्पामध्ये गेलेल्या नसतील तर फारच उत्तम. जिथे त्या "म्हणजे काय गं?" असं विचारतील, ती ओळ पुन्हा लिहा. त्यांना तो मेसेज ऐकून यावंसं वाटलं, तर शेंदुर्णीच्या ताईही येतील, आणि येताना नणंदेला घेऊन येतील.