दहा थाऊची फट

इलेक्ट्रिक गिटार खोक्यातून बाहेर निघते तेव्हा ती वाजते, पण लागलेली नसते. कारखान्यात तिच्यावर तारा चढवल्या जातात त्या कुठल्याशा सरासरी हाताचा विचार करून. मग जहाज, गोदाम, ट्रक असा प्रवास करत ती कोल्हापुरात येते आणि एखाद्या पोराच्या मांडीवर बसते. पोर महिनाभर बोटं सोलून घेतं, बार कॉर्ड दाबली जात नाही म्हणून स्वतःच्या हाताला दोष देतं आणि गिटार कपाटावर जाते. अशा कपाटावर गेलेल्या कितीतरी गिटारी मुळात चांगल्या असतात. त्यांना कुणा जाणत्याचे एक-दोन तास मिळालेले नसतात, एवढंच. या कामाला गिटारवाले सेटअप म्हणतात. वाद्य घडवण्याइतकाच मान या कामालाही मिळायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

या कसबाला दोन गोष्टी लागतात. एक, बारीक मापाची सवय. दुसरी, तारेला सरावलेला कान. कोल्हापूरच्या परिसरात दोन्ही पिढ्यानपिढ्या नांदत आल्या आहेत. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी मूकपटाच्या काळात कॅमेरा याच गावात स्वतः बनवला. शिवाजी उद्यमनगरात आजही लेथवर थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, बोलणारी माणसं आहेत. आणि पन्नास किलोमीटरवर तंतुवाद्यं घडवणारं मिरज आहे.

आधी मापाचं बघू. सहा तारा सुरात चढल्या की गिटारच्या दांडीवर, म्हणजे नेकवर, मिळून चाळीस किलोच्या आसपास ताण येतो. नेक पुढे वाकू पाहते. तिला आतून आवरणारी पोलादी सळी म्हणजे ट्रस रॉड. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना तिचं पेटंट १९२३ साली मिळालं. नेक अगदी सरळही चालत नाही, कारण छेडलेली तार मध्यावर सर्वांत जास्त हलते आणि तिला तिथे किंचित जागा लागते. ही जागा मोजायची रीत सोपी आहे. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या पहिल्या आडव्या पट्टीवर, तारा दाबून धरणारा चिमटा, म्हणजे कॅपो, लावायचा, तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट मोजायची. साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे दहा थाऊ, हे फेंडर कंपनीचं बऱ्याच गिटारींसाठीचं माप. ते मोजायला फीलर गेज लागतो, आणि तो मोटारीचे टॅपेट लावणाऱ्या कोणत्याही मेस्त्रीच्या खिशात सापडतो. ट्रस रॉड फिरवायलाही बहुतेक गिटारींना साधी एलन की पुरते.

पण इथे घाई करणारा माणूस नको. पीळ द्यायचा तो एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सूर लावायचे, लाकडाला थोडा वेळ द्यायचा आणि परत मोजायचं. बोल्ट घट्ट करायची सवय असलेल्या हाताला हे जड जातं. लाकूड लोखंडासारखं लगेच ऐकत नाही.

त्यात आपली हवा. जूनपासून इथे जो पाऊस लागतो त्यात लाकूड ओल पितं आणि नेकचा बाक बदलतो. कुणाची पुढे येते, कुणाची मागे जाते, ते त्या त्या लाकडावर. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेने बोटांना बोचू लागतात. म्हणून कोल्हापुरात गिटार वर्षातून दोनदा तरी मोजून घ्यावी, एकदा पावसाळा रुळल्यावर आणि एकदा दिवाळीनंतर. तारा दर वेळी वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसाव्यात. पावसाळ्यात न पुसलेल्या तारेचा आवाज आधी मरतो, गंज नंतर दिसतो.

जगभरच्या असंख्य गिटारींचा फ्रेटबोर्ड शिसवी असतो, आणि तो शिसव पुष्कळदा भारतातलाच. ब्राझीलच्या शिसवावर निर्बंध आले तसा भारतीय शिसवाचा मान वाढला. सह्याद्रीच्या रानातलं हे झाड. दूरदेशी घडलेल्या गिटारवर आपल्याच जातीचं लाकूड बघताना मला फार बरं वाटतं. पॉलिश नसलेल्या शिसवी पट्टीला वर्षातून एक-दोनदा तेलाचा अगदी पुसट हात द्यावा. लॅकर दिलेल्या मेपलच्या पट्टीला मात्र तेल लावू नये.

नेक लागली की तारेची उंची बघायची. तिला ॲक्शन म्हणतात. सतराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंत १.६ मिलिमीटर हे फेंडरचं सुरुवातीचं माप. तार याहून फार वर असेल तर बोटं थकतात, फार खाली असेल तर ती फ्रेटला घासून झणझणते. गिटारवाला या झणझणीला दोष मानतो.

मिरजेत नेमकी हीच झणझण हवी असते. तिथल्या शिकलगारांचा मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यातल्या फरीदसाहेबांपासून हे हात तंतुवाद्यांकडे वळले. भोपळा सोलापूर जिल्ह्यातून यायचा आणि वाद्य मिरजेत घडायचं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या कामातला सर्वांत अवघड भाग म्हणजे जवारी. तानपुऱ्याची घोडी रुंद असते आणि तिच्या माथ्याला डोळ्याला जेमतेम जाणवेल असा उतार असतो. थरथरणारी तार त्या उताराला हलकेच चाटत राहते. वर तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोरा सरकवून नेमकी जागा पकडली जाते, आणि एका स्वरातून स्वरांचा झुबका उमलतो. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराची गाठ पडते तो उपस्वर नियमाने गायब व्हायला हवा, पण तानपुऱ्यात आणि वीणेत तो स्पष्ट ऐकू येतो, असं त्यांनी दाखवलं. हा परिणाम मिरजेचा कारागीर कानस, पॉलिश पेपर आणि कान एवढ्यावर साधतो. कुणाला खुली जवारी लागते, कुणाला बंद, हे तो वाजवणाऱ्याकडून समजून घेतो. इथे तार घासू द्यायची, तिथे घासू द्यायची नाही, पण दोन्हीकडे काम केसभर अंतराचं आहे.

सुराच्या बाबतीत मात्र सतार आणि गिटार यांची वाट खरोखर फुटते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, रागाप्रमाणे सरकवता येणारे. गिटारचे फ्रेट कायमचे ठोकलेले, सप्तकाचे बारा समान भाग पाडून. आपल्या भागात सुरांच्या नेमक्या जागांच्या प्रश्नावर मोठा विचार झाला आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींवरचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवरचं, आपलं पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केलं. या श्रुतिविचारात त्यांना साथ होती पुढे मिरजेला स्थायिक झालेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची. इतका बारीक सूर गिटारला देता येत नाही, पण तिचा स्वतःचा सूर तरी तिला पुरता मिळावा. तार दाबली की ती ताणली जाऊन किंचित चढते, आणि जाड तार जास्त चढते. म्हणून ब्रिजवर प्रत्येक तारेचा टेकू, म्हणजे सॅडल, थोडा थोडा मागे घ्यावा लागतो. फेंडरच्या १९५० च्या पहिल्या गिटारवर सहा तारांना तीनच सॅडल होते. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल आला. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून निघणारा हार्मोनिक आणि तिथेच दाबून निघणारा स्वर, दोन्ही ट्यूनरवर बघायचे. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. जुन्या तारांवर हे करण्यात अर्थ नाही. नव्या तारा चढवून, ओढून, स्थिरावल्यावरच करावं.

राहिली वीज. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यात वीज उमटते. आवाज मोठा यावा म्हणून काही जण पिकअप तारेला भिडवतात. मग चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर डळमळतो, तेव्हा दोन मिलिमीटरच्या आसपास अंतर राखावं. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर सहसा आतली जोडणी ठीक असते. पण गणपतीच्या मंडपात किंवा ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर अर्थिंग तपासल्याशिवाय गिटार हातात घेऊ नये. अर्थिंग बिघडलेलं असेल तर एका हातात तारा आणि ओठ माईकला, एवढ्यावर जिवावर बेततं.

मिरजेत जवारीचे वेगळे पैसे द्यायला गवई कुरकुर करत नाही, आणि कारागिरासमोर बसून वाद्य छेडून दाखवल्याशिवाय उठतही नाही. गिटारवाल्यानेही तसंच करावं. गिटार दुकानात टाकून जाऊ नये. आपण कोणत्या जाडीच्या तारा लावतो ते सांगावं, नेहमीचे दोन तुकडे नेहमीच्या जोराने वाजवून दाखवावेत. जोरात पिक मारणाऱ्या हाताला तार जरा उंच लागते, हळुवार हाताला ती खाली चालते, आणि हे अंतर किती ठेवायचं ते समोरचा हात बघूनच ठरतं.