छिन्नमनस्कता : देवस्थान, दवाखाना आणि घर

आपल्या जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात जाळीचा देव हे महानुभाव पंथाचे प्रसिद्ध स्थान आहे. ज्यांना ‘बाहेरची बाधा’ झाली असे समजले जाते, अशांना घेऊन त्यांचे नातलग दूरदूरच्या गावांहून तेथे येतात. शहाण्या म्हणविणाऱ्याने याला हसावे, असे मला वाटत नाही. वीस-बावीस वर्षांचा मुलगा एकाएकी अबोल होतो, रात्रीच्या रात्री जागतो, कोणी नसताना कोणाशी तरी बोलतो, आईने वाढलेल्या ताटात विष आहे म्हणतो. तेव्हा त्या आईने कोठे जावे, हे आपण सुशिक्षितांनी तिला कधी सांगितले होते?

वैद्यकात या व्याधीला स्किझोफ्रेनिया, मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. नावावरून पुष्कळांना वाटते की, एका देहात दोन माणसे नांदतात. तसे मुळीच नाही. रोग्याला ऐकू येणारे आवाज त्याच्या लेखी तुमच्या-आमच्या आवाजाइतकेच खरे असतात. त्याच्याशी वाद घालून ते थांबत नाहीत. व्याधी विरळाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने सुमारे ३०० माणसांमागे एकाला ती असते. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची वस्ती १९ लाख ५९ हजार होती. म्हणजे साडेसहा हजार माणसे, आणि तितकीच घरे.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन हे औषध या कामी वापरले गेले, आणि आवाज व संशय आटोक्यात आणता येतात हे प्रथमच दिसले. आता औषधे पुष्कळ आहेत. रोजची गोळी ज्याच्याने होत नाही त्याला महिन्याकाठी घ्यायचे इंजेक्शनही मिळते. घोटाळा होतो तो बरे वाटू लागल्यावर. ‘आता कशाला गोळ्या?’ असे कोणी वडीलधारे म्हणतात, आणि काही महिन्यांनी व्याधी उलटते. पहिल्याच झटक्यानंतरही निदान एक-दोन वर्षे औषध चालू ठेवावे लागते. झटके पुन्हा आले तर त्याहून कितीतरी अधिक. वजन वाढते, हात थरथरतात, सुस्ती येते, या तक्रारी खऱ्या आहेत. त्या डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घ्यावी.

औषध आवाज थांबवील. माणसांत बसवण्याचे काम घराचे आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, ज्या घरी टोमणे, चिडचिड किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी असते, तेथे परतलेल्या रोग्याची व्याधी अधिक वेळा उलटते. मुलगा दिवसभर पडून राहतो तेव्हा आपण त्याला आळशी म्हणतो. ती निरिच्छाही व्याधीचाच भाग असते. १९६० नंतरच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत पाहणी सुरू केली, त्यात आपले आग्रा होते. दोन वर्षांनी तेथील रोगी लंडन-मॉस्कोच्या रोग्यांपेक्षा बरे निघाले. या निष्कर्षावर पुढे वाद झाला. तरी मोसंबीच्या बागेला पाणी धरणे, गुरे राखणे, दुकानात माप घालणे अशी झेपतील ती कामे आपल्याकडे अजून आहेत, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

मग देवस्थानाचे काय? गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम झाला. तेथले मुजावरच रोग्याला आवारातल्या डॉक्टरकडे धाडीत. दुआ चाले आणि गोळीही चाले. साखळीने बांधणे मात्र कोठेही नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ते बंदच केले आहे. प्रथम कोठे विचारावे हे ज्याला उमगत नाही, त्याने जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी, किंवा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक फिरवावा. त्याला पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.