आजीच्या सुती साडीचं हलकं जॅकेट होतं, पण कात्री लावण्याआधी हे वाचा

डिसेंबर लागला की पुण्या-नाशकात दरवर्षी तीच पंचाईत. सकाळी सातला दात वाजतात आणि अकरा वाजता स्वेटर काढून हातात घेऊन फिरावं लागतं. अशा थंडीला जाडजूड जॅकेट नको असतं. दिवसभर अंगात राहील असं हलकं काहीतरी हवं असतं. आणि त्याचं कापड बऱ्याच घरांत कपाटाच्या तळाशी घडी घालून पडलेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, सुती साडीने कसली थंडी जाणार? तर गोधडी आठवा. तिच्यातही जुनी लुगडी आणि धोतरंच असतात. ऊब येते ती थरांच्या मध्ये अडकलेल्या हवेमुळे. ही हवा हलत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता पटकन बाहेर जात नाही. धावदोरा थरांना फक्त जागेवर धरतो. म्हणूनच टाके फार दाट घालू नका. थर दाबले गेले की हवा निघून जाते. दोन ओळींत दीड-दोन इंच अंतर पुरे.

साडेपाच मीटरच्या एका साडीत बाहेरचा आणि आतला असे दोन्ही थर निघतात. मध्ये जुनी फ्लॅनेलची चादर घाला. सगळं कापड आधी धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात एक थर आटतो आणि जॅकेटला चुण्या पडतात. साडी दोन्ही हातांत धरून हलकेच ताणून बघा. टरकली, तर तो भाग बाहेर वापरू नका. तो मधल्या थरात चालतो, कारण तिथे धावदोरा त्याला सांभाळतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नेमक्या मापाने कापून मग धावदोरा घालणं. टाके पडत जातात तसं कापड आक्रसतं. आजीची साडी परत मिळणार नाही, त्यामुळे उलटं करा. प्रत्येक तुकडा सगळीकडून एक इंच मोठा कापा, तिन्ही थर कच्च्या टाक्याने जोडा, मग मधून कडेकडे धावदोरा घाला. त्यानंतरच माप आखून कात्री लावा.

छाती ३६ असेल तर तयार जॅकेट ४४ धरा, आत कुर्ता राहायला हवा. म्हणजे पाठ २२ इंच, पुढचे दोन भाग ११-११, उंची २५. शिवणीला अर्धा इंच माया वेगळी. (शिंप्यांनी या जादा कापडाला काय सुंदर नाव दिलंय!) मुंढा गोल कापायच्या भानगडीत नवख्यांनी पडू नये. खांद्यापासून १० इंच खाली खूण करा आणि २० इंच रुंद बाही सरळ लावून टाका. खांदा थोडा उतरतो, पण हात मोकळा फिरतो. तीन थर जिथे जुळतात तिथे मशीनची सुई १६ नंबरची घ्या, बारीक सुई मोडते.

कडांना उरेब पट्टी लावा, म्हणजे तिरपी कापलेली. सरळ पट्टी गळ्याच्या वळणावर बसत नाही.

चेन बसवणं जमत नसेल तर नाड्या लावा. आपली बाराबंदी नाड्यांवरच बांधली जाते. सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या अंगात अजूनही पांढरी बाराबंदी असते.

एक गोष्ट मात्र खरी. हे जॅकेट घालून पहाटे बाईकवर निघालात तर वारा आरपार जाईल आणि अडकलेली हवा सोबत घेऊन जाईल. बाईकवाल्यांनी आतला थर साडीऐवजी घट्ट विणीच्या पॉपलिनचा घ्यावा. आणि निफाडच्या पहाटेला तेवढ्यानेही भागणार नाही, तिथे आत स्वेटर हवाच.