लायोलचा सडपातळ चाकू

खिशात आहे की नाही हे विसरायला व्हावे इतका बारीक, हातात घेतल्यावर पुन्हा पुन्हा पाहावासा वाटणारा आणि पाव, फळ, दोरी, टपालाचे पाकीट असे दिवसभरात समोर येईल ते कापणारा घडीचा चाकू हा युरोपातल्या ग्रामीण जीवनाचा जुना सोबती. त्यातला सर्वांत देखणा नमुना निवडायचा तर बहुतेक जाणकार फ्रान्सच्या लायोल चाकूकडे बोट दाखवतील.

फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागात ओब्राक नावाचे उंच पठार आहे. लायोल हे तिथले, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवरचे छोटे गाव. थंडी कडक, माळ मोकळा, व्यवसाय मुख्यतः गुरे पाळण्याचा आणि चीज करण्याचा. इथल्या गुराख्यांकडे पूर्वी न मिटणारा, लाकडी मुठीचा साधा सुरा असे. हिवाळ्यात काम नसे, तेव्हा इथले लोक लाकडे कापायच्या मजुरीसाठी स्पेनमध्ये जात आणि परतताना तिथला ‘नवाखा’ हा घडीचा चाकू घेऊन येत. गावचा सुरा आणि परदेशचा चाकू यांच्या मिलाफातून नवे हत्यार घडले. त्याचे श्रेय सहसा प्येर-जाँ काल्मेल या कारागिराला दिले जाते आणि साल सांगितले जाते १८२९. सुरुवातीची मूठ सरळ होती. आज ओळखीची असलेली, कमरेत बारीक होऊन टोकाशी किंचित वळणारी मूठ आणि तुर्की यातागान तलवारीची आठवण करून देणारे निमुळते पाते नंतरच्या दशकांत आले.

या चाकूचे सौंदर्य त्याच्या रचनेतूनच आलेले आहे. मूठ साधारण ११ ते १२ सेंटिमीटर लांब आणि पाते त्याहून थोडे आखूड. मुठीच्या दोन बाजूंना धातूच्या पातळ पट्ट्या असतात आणि त्यांच्यावर शिंग, हाड किंवा लाकूड बसवलेले असते. दोन पट्ट्यांच्या मधून, मुठीच्या पाठीवरून, पोलादाची एक लांब कमान जाते. सगळी किमया या कमानीची. पाते उघडले की तिचे टोक पात्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत दाबून बसते आणि पाते जागेवर राहते. मिटताना जोर दिला की कमान किंचित उचलली जाते आणि पाते आत जाते. कुलूप नाही, बटण नाही, खटका नाही. हे भाग नसल्यामुळे मूठ जाड करावी लागत नाही. पण त्याची किंमतही आहे: उघडलेले पाते फक्त दाबाने धरलेले असते, पक्के अडकलेले नसते. त्यामुळे टोकाने भोसकणे किंवा डब्याचे झाकण उचकटणे ही या चाकूची कामे नाहीत. तसे करताना पाते उलटे मिटून बोटांवर येऊ शकते.

पात्याचा पातळपणाही असाच हेतुपूर्वक. पाठीशी ते जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर असते आणि धारेकडे अगदी कागदासारखे होत जाते. हल्ली बाजारात दणकट दिसणाऱ्या जाड पात्याच्या चाकूंची चलती आहे. त्यांनी सफरचंद कापायला जावे तर ते कापण्याऐवजी दुभंगते, कारण जाड पाते पाचरीचे काम करते. रोजच्या वापरातली बहुतेक कामे कापण्याची असतात, फोडण्याची नव्हे. आणि तिथे पातळ पात्याला तोड नाही.

मूळच्या एका पात्याला पुढे दोन अवजारांची जोड मिळाली. पहिली टोच्याची, १८४० च्या सुमारास. महाराष्ट्रातल्या पशुपालकांना तिचे कारण समजावून सांगायला नको. जनावराने कोवळा, ओला चारा अधाशासारखा खाल्ला की पोटफुगी होते, पहिल्या पोटात गॅस कोंडतो आणि वेळेत सुटला नाही तर जनावर दगावते. ओब्राकचे गुराखी अशा वेळी डाव्या कुशीत टोच्या खुपसून गॅसला वाट करून देत. चामड्याला भोक पाडायलाही तोच कामी येई. दुसरी जोड बूच काढायच्या स्क्रूची, १८८० च्या सुमारास. त्या काळी या भागातून पोटासाठी पॅरिसला गेलेल्या अनेकांनी तिथे कोळसा आणि दारू विकण्याची दुकाने व कॅफे काढले होते. गावच्या चाकूला वाइनची बाटली उघडता यावी ही त्यांची गरज. गाय आणि कॅफे, दोन्ही एकाच मुठीत बसले.

कमानीच्या टोकावर, जिथे ती पात्याला भेटते तिथे, मधमाशी कोरलेली दिसते. नेपोलियनने गावकऱ्यांच्या शौर्यावर खूश होऊन हे चिन्ह बहाल केले, अशी कथा विक्रेते हौसेने सांगतात. नेपोलियन १८२१ मध्ये वारला आणि चाकू त्यानंतर आठ वर्षांनी जन्मला, एवढे सांगितले की कथा संपते. जुन्या चाकूंवर कमानीचे टोक साधे किंवा फुलापानांचे असे. मधमाशी रूढ झाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. मुठीवर पितळी टाचण्यांनी काढलेला क्रूसही अनेक चाकूंवर असतो. माळावर देऊळ नसे, तेव्हा गुराखी चाकू पावात उभा रोवून त्या क्रूसासमोर प्रार्थना करत, असे म्हणतात.

पहिल्या महायुद्धाच्या आसपास गावातला धंदा मोडकळीला आला. चाकू बनत राहिले, पण मुख्यतः थिएर या शहरात, जिथे मध्ययुगापासून सुऱ्या-चाकूंचा उद्योग आहे. गावात निर्मिती पुन्हा जोमाने सुरू झाली ती १९८० च्या दशकात. १९८७ मध्ये तिथे उभ्या राहिलेल्या कारखान्याची इमारत फिलिप स्टार्क या प्रसिद्ध डिझायनरने आखली. तिच्या छपरातून एक अवाढव्य पाते आकाशात घुसलेले दिसते. पण तोवर ‘लायोल’ हे नाव कोणाच्याच मालकीचे उरले नव्हते. १९९३ मध्ये गावाशी संबंध नसलेल्या एका व्यावसायिकाने अनेक वस्तूंसाठी ते नोंदवून घेतले, खटले वर्षानुवर्षे चालले आणि २०१२ मध्ये संतापलेल्या गावकऱ्यांनी निषेध म्हणून गावाच्या नावाची पाटीच उतरवली.

म्हणून पात्यावरच्या नुसत्या नावाला काही अर्थ नाही. आशियात स्वस्तात बनलेल्या चाकूंवरही तेच नाव आणि तीच मधमाशी असते. पारख करायची ती कामावरून. चांगल्या चाकूत मधमाशी कमानीच्याच पोलादातून घडवलेली असते, वरून डाग देऊन चिकटवलेली नसते. कमानीच्या पाठीवरची नक्षी कानशीने हाताने काढलेली असल्यामुळे किंचित असमान असते. मिटल्यावर पाते दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये बसते, उघडल्यावर डावी-उजवीकडे हलत नाही, आणि लाकूड व धातू यांच्या सांध्यावरून नख फिरवले तर कुठे अडत नाही. उत्तम कार्यशाळांत एक चाकू आरंभापासून शेवटपर्यंत एकच कारागीर जोडतो.

पाते दोन प्रकारच्या पोलादाचे मिळते. स्वीडनचे १२सी२७ हे न गंजणारे. निगा कमी लागते. कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण कैरी किंवा लिंबू कापल्यावर ते आपल्या जुन्या लोखंडी विळीच्या पात्यासारखे काळपट पडते. तो डाग म्हणजे दोष नव्हे. मात्र पाते ओले ठेवले तर गंज चढतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बहुतेकांनी न गंजणारेच घ्यावे. मुठीसाठी ऑलिव्हचे लाकूड, बॉक्सवुड, सुगंधी जुनिपर किंवा गुरांचे शिंग वापरतात. शिंग आणि लाकूड पाण्यात भिजत ठेवू नये.

निगा फार नाही. काम झाले की पाते पुसावे, सांध्यात अधूनमधून तेलाचा एक थेंब सोडावा आणि धार लावायच्या दगडावर पाते सुमारे वीस अंशांच्या कोनात फिरवावे. मिटताना खटकन सोडून देऊ नये. काही चाकूंत धार आतल्या कमानीवर आदळून बोथट होते. बोटाने धरून हळूच आत न्यावे.

ओब्राकमध्ये माणूस जेवायला बसताना स्वतःचा चाकू खिशातून काढून ताटाशेजारी ठेवत असे. गावाजवळच्या, मिशेल ब्रास यांनी नावारूपाला आणलेल्या रेस्टॉरंटात आजही पाहुण्यापुढचा चाकू सगळे पदार्थ संपेपर्यंत बदलत नाहीत. फ्रान्समध्ये चाकू भेट मिळाला तर मैत्री तुटू नये म्हणून देणाऱ्याच्या हातावर एखादे नाणे ठेवण्याची रीत आहे.

भारतातल्या शस्त्रनियमांत शस्त्र म्हणून गणल्या जाणाऱ्या चाकूचे पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असते. लायोलचे पाते त्याच्या निम्म्याहूनही आखूड आहे. तरीही शाळा, न्यायालय अशा ठिकाणी जाताना तो घरी ठेवावा, आणि विमानप्रवासात हातातल्या बॅगेत न ठेवता चेक-इनच्या सामानात टाकावा.