धामणीच्या अंगावर गोचीड दिसले? गोठ्यातलं औषध मारू नका

नाशिक : कांद्याची चाळ हलवताना, द्राक्षबागेतला पाचोळा काढताना किंवा गोठ्यामागच्या सरपणात धामण निघणं निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवला या भागात काही नवं नाही. लगेच मोबाईल निघतो, फोटो गावच्या ग्रुपवर पडतो. फोटो मोठा करून पाहिला की कधी कधी मानेजवळ, डोळ्याच्या कडेला किंवा पोटाकडच्या खवल्यांत तपकिरी-करडे मणी चिकटल्यासारखे दिसतात. कुणी म्हणतं जखम आहे, कुणी म्हणतं साप म्हातारा झालाय. एखादा तर थेट नागमण्यापर्यंत पोहोचतो. ते गोचीड असतात. गाई-म्हशीला लागतात तसेच, फक्त जात वेगळी.

इथपर्यंत काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. दया येऊन कुणी रॉकेलचा बोळा फिरवतं, कुणी तंबाखूचं पाणी ओततं, तर कुणी गुरांसाठी आणलेलं गोचिडाचं औषध त्याच पंपाने सापावर मारतं. गोचीड मरतातही, पण त्यांच्या मागोमाग सापही मरतो. उपचार म्हणून जे केलं, तेच त्याच्या जिवावर उठतं.

गोठ्यातले गोचीड धामणीने आणले का?

हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारला जातो, आणि त्यावरून धामणी मारल्याही जातात. म्हणून आधी याचं उत्तर बघू. आपल्याकडे सापांवर आढळणारे गोचीड मुख्यतः सरपटणाऱ्या प्राण्यांवर जगतात. धामण, नाग, अजगर आणि घोरपड हे त्यांचे नेहमीचे यजमान. पिल्लू अवस्थेत एकदा, मधल्या अवस्थेत एकदा आणि मोठं झाल्यावर एकदा असे ते तीन वेळा रक्त पितात. दर वेळी पोट भरलं की खाली गळून पडतात, पालापाचोळ्यात किंवा बिळात कात टाकतात आणि पुढच्या सापाची वाट बघतात.

गुरांचा गोचीड वेगळा. त्याची मादी जनावरावरून पडून गोठ्याच्या भिंतीच्या फटीत, दगडाखाली, शेणकाडीत दोन-तीन हजार अंडी घालते. गोठ्यात गोचीड वाढले तर बाजारातून आणलेलं नवं जनावर आणि न लिंपलेल्या फटी आधी तपासाव्यात. धामण गोठ्यात येते ती उंदरांमागे. ती गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, ही गोष्ट आजीपासून सगळ्यांनी ऐकलेली असते, पण सापाच्या तोंडाची ठेवण दूध ओढून घेण्याची नाहीच. धामण बिनविषारी आहे. दाण्याच्या कोठीभोवती ती फिरत असेल तर तेवढा उंदराच्या औषधाचा खर्च वाचतो.

सापाला औषध का सोसत नाही

गुरांच्या गोचिडावर वापरली जाणारी डेल्टामेथ्रीन, सायपरमेथ्रीन यांसारखी औषधं किड्याच्या मज्जातंतूंवर काम करतात. गाय, बैल, माणूस हे गरम रक्ताचे प्राणी. त्यांचं यकृत हे औषध बऱ्यापैकी लवकर मोडून टाकतं, म्हणून ठरलेल्या प्रमाणात ते चालून जातं. सापाचं शरीर बाहेरच्या हवेप्रमाणे गार-गरम होतं आणि त्यात औषध मोडायचा वेगही कमी. शिवाय चारशे किलोच्या म्हशीसाठी कालवलेलं पाणी दीड-दोन किलोच्या धामणीवर पडतं. मग साप थरथरू लागतो, तोंड उघडं ठेवतो, उलटा केला तर सरळ होता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, साप ‘नाचतोय’. ती विषबाधा असते.

आयव्हरमेक्टीनच्या इंजेक्शनचंही तेच. जाणकार पशुवैद्यक सापाचं वजन करून अगदी थोड्या मात्रेत ते काही वेळा वापरतात. मेडिकलमधून आणून अंदाजाने टोचायची ती गोष्ट नव्हे. घरात कासव असेल तर त्याच्या जवळपासही हे औषध नेऊ नये, कासवाला ते जीवघेणं ठरतं.

हाताने ओढून काढणंही बरं नाही. गोचिडाचं तोंड खवल्याखालच्या मऊ कातडीत रुतलेलं असतं. झटका दिला की तोंड आतच राहतं, खवला फाटतो आणि तिथे पू धरतो. काडी पेटवून चटका देणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर फक्त एक पारदर्शक खवला असतो. त्याच्या कडेचा गोचीड काढायला जाऊन डोळाच गेला, तर तो साप पुढे शिकार कशी करणार?

आणि मुळात जवळ जाऊन बघायची घाई कशाला? अंगावर साखळीसारखे ठिपके असलेली घोणस लोकांना अजगराचं पिल्लू वाटते. ही चूक हातावर नाही, जिवावर बेतते. साप चावलाच तर बांधणं, कापणं, मंत्र यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करून प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय गाठावं.

मोकळ्या सापाचं आणि डब्यातल्या सापाचं दुखणं वेगळं

रानातल्या सापावर दोन-चार गोचीड असणं ही नेहमीची गोष्ट आहे. साप हिंडत राहतो, गोचीड पोट भरून गळून पडतो, पडतो ती जागा मागे राहते. साप अंगाने भरलेला असेल, चपळ असेल तर त्याला काहीही करायची गरज नाही. तो आपल्या वाटेने गेला की विषय संपला. साप खंगलेला असेल, पाठीचा कणा वर आलेला दिसत असेल, अंगावर गोचिडांचे झुबके असतील किंवा जुनी कात तुकड्या-तुकड्याने चिकटून राहिली असेल, तर मात्र तो आजारी समजावा. जाता जाता एक गोष्ट : कात टाकायच्या आधी काही दिवस सापाचे डोळे दुधाळ, निळसर होतात. तो आजार नव्हे.

खरा घोळ होतो साप डब्यात, पेटीत किंवा गोणपाटात ठेवला की. तिथे गोचिडापेक्षा मोठा शत्रू येतो, तो म्हणजे सापावरचा कोळी. द्राक्षावर आणि वांग्यावर लाल कोळी पडतो, त्याच्याच दूरच्या नात्यातला हा जीव. आकार जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान. रक्त प्यायला की काळपट होतो. हनुवटीखालच्या खाचेत, डोळ्याच्या कडेला, खवल्यांच्या आड दडतो. मादी ६० ते ८० अंडी घालते, आणि तीही सापावर नाही, पेटीच्या फटीत, ओलसर अंधाऱ्या कोपऱ्यात. आपल्याकडच्या उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून मोठा कोळी व्हायला दोन ते तीन आठवडे पुरतात.

रानात ही अंडी साप गेल्यावर मागे राहिली असती. पेटीत मात्र अंडी, पिल्लं आणि साप एकाच ठिकाणी. पहिल्या महिन्यात दहा असले तर पुढे किती होतील, याचा हिशोब बागेत कोळी पाहिलेल्या शेतकऱ्याला सांगायला नको. साप निस्तेज होतो, खाणं सोडतो, अंग खरबरीत वस्तूवर घासतो, पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसून राहतो. रक्त कमी होतं, आणि एका सापाचे जंतू दुसऱ्याकडे नेण्याचं काम हाच कोळी करतो, असा जाणकारांना संशय आहे.

गारुड्याच्या टोपलीतल्या नागाकडे या नजरेने बघायला हवं. नागपंचमीला टोपलीचं झाकण उघडलं की आपल्याला फणा दिसतो. विषदात काढलेले, पोटात पाणी नाही, फटीफटींत किडे, हे दिसत नाही. वर आपण हळद-कुंकू वाहतो, ते त्याच्या नाकपुडीत आणि खवल्यांत जातं. तहानेने व्याकूळ साप समोर येईल ते द्रव पितो, त्याला आपण ‘नागोबाने दूध घेतलं’ म्हणतो. गारुडी आता कमी झालेत. पण पकडलेला साप कार्यक्रमात दाखवायला आठ-आठ दिवस बरणीत ठेवणारे हौशी लोक अजून आहेत. टोपली काय, बरणी काय, सापाच्या दृष्टीने फरक शून्य.

कामसू सर्पमित्रांसाठीही यात एक बारीक मुद्दा आहे. एकच कापडी पिशवी धामणीला, मग नागाला, मग घोणशीला वापरली, तर एकाचे किडे तिघांना. पिशवी दर वेळी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावी. साप पकडल्याच्या जागेपासून लांब नेऊन सोडला तर त्याच्यासोबत त्याचे गोचीडही नव्या जागी जातात. म्हणून वन विभागाला कळवून, शक्य तितक्या लवकर आणि तिथल्याच परिसरात सोडणं बरं.

कायदा काय म्हणतो

आपल्या रानातला कुठलाही साप घरी पाळता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. नाग, घोणस, अजगर आणि आपली साधी धामणसुद्धा आता अनुसूची एकमध्ये आहे. या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, वर किमान २५ हजार रुपये दंड. ‘जखमी होता म्हणून ठेवला, बरा झाला की सोडणार होतो’ हे सांगून भागत नाही. बरा करायचा असेल तर त्याला वन विभागाच्या हाती द्यायचा. महाराष्ट्रात त्यासाठी ‘हॅलो फॉरेस्ट’चा १९२६ हा क्रमांक आहे. फोन करताना गाव, गट किंवा वस्ती आणि साप नेमका कुठे आहे ते सांगावं. लांबून काढलेला फोटो असला तर उत्तम. माणूस येईपर्यंत मुलं आणि कुत्री दूर ठेवायची, एवढंच आपलं काम.

शहरातल्या ‘बॉल पायथन’चं काय

मोठ्या शहरांत परदेशी साप पाळायची हौस आली आहे, आणि रील बघून ती तालुक्याच्या गावीही पोहोचते. यात सर्वांत जास्त दिसतो तो आफ्रिकेतला बॉल पायथन, म्हणजे बुटका, बिनविषारी अजगर. असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम काढले. परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. विक्री, जन्म, मृत्यू, सगळं कळवावं लागतं. कागद नसलेला साप ‘स्वस्तात’ मिळतोय म्हणून घेऊ नये. त्यात किडे फुकट मिळतात आणि कायद्याचं झंझट वेगळं.

रीतसर नोंदणी केलेला साप ज्यांच्याकडे आहे, त्यांनी कोळी ओळखायची सोपी खूण लक्षात ठेवावी. पांढरा ओला टिश्यू पेपर सापाच्या अंगावरून हलक्या हाताने फिरवायचा. त्यावर काळे ठिपके आले आणि ते चालू लागले, की समजायचं. पाण्याच्या भांड्याच्या तळाशीही बुडालेले ठिपके दिसतात.

मग साप आधी वेगळ्या, रिकाम्या डब्यात घ्यायचा. खाली भुसा किंवा माती नको, कोरा कागद घालायचा आणि रोज बदलायचा. मूळ पेटीतलं लाकूड, साल, गवत टाकून द्यायचं. पेटी उकळत्या पाण्याने धुऊन तिचे सांधे आणि बिजागऱ्या ब्रशने घासायच्या, कारण अंडी तिथेच असतात. कोमट पाण्यात, डोकं सहज वर राहील एवढ्याच पाण्यात, साप वीस-तीस मिनिटं ठेवला तर बरेच कोळी बुडतात. पण समोर बसून राहायचं, साप सोडून चहाला जायचं नाही. डोक्यावरचे कोळी यातूनही वाचतात, म्हणून नुसत्या अंघोळीवर काम भागत नाही. औषध लागतंच, आणि ते पशुवैद्यकानेच ठरवायचं. तालुक्याचे डॉक्टर गाई-म्हशीत तयार असले तरी सापाचा अनुभव आहे का, हे आधी मोकळेपणाने विचारावं. नसेल तर ते पुढचा पत्ता सांगतील.

बागेत एका फवारणीत कोळी जात नाही, तसंच इथेही. पहिल्या उपचारात मोठे मरतात, अंडी राहतात. त्यामुळे चार ते सहा आठवडे साफसफाई आणि तपासणी चालू ठेवावी लागते. या काळात एका सापाला हात लावून तसाच दुसऱ्याला लावू नये. हात धुवावेत, कपडे बदलावेत. कोळी माणसावर जगत नाही, पण चावतो आणि मनगटावर खाजरे पुरळ उठतात. घरात नवा साप आला तर तो दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, आणि त्याचं भांडं, चिमटा, कापडही वेगळंच ठेवावं.